राजवाडा पाहिला, बागही पाहिली

सुट्टीत आम्ही सहकुटुंब बडोद्याला गेलो. १८९० साली उभा राहिलेला लक्ष्मीविलास राजवाडा, त्याचा दरबार हॉल, भोवतालची बाग पाहून मुले हरखली. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, हे सांगताना आमचाही ऊर भरून आला.

तेथून सयाजीबागेत, म्हणजे जुन्या कामाठीबागेत गेलो. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब याच संस्थानात नोकरीला लागले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही आसरा दिला नाही. मुंबईच्या गाडीला पाच तास होते. ते त्यांनी या बागेत काढले.

मुलीने विचारले, "राजा चांगला होता ना? मग घर का नाही मिळाले?"

राजा शिष्यवृत्ती देऊ शकतो, शेजार देऊ शकत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी माणुसकीचा हक्क कोणाच्या मर्जीवर न सोडता संविधानात लिहिला. राजवाड्यात आज तिकीट काढून कोणीही जातो. भाड्याचे घर शोधताना मात्र आडनाव अजून आडवे येते.