'ते इता' : काय चाललं होतं आणि काय होऊन गेलं होतं

मागच्या वेळी आपण 'ते इरु' पाहिलं, म्हणजे वर्तमानातलं 'करत आहे'. आज त्याचंच भूतकाळातलं रूप, 'ते इता'. सभ्य बोलण्यात 'ते इमाशिता'. रूप बनवायला काहीच कष्ट नाहीत, 'इरु'चं 'इता' केलं की झालं. त्यामुळे रूपावर वेळ घालवत नाही. अडचण आहे ती अर्थात.

एक वाक्य घ्या. 'हितो गा मिचि नि ताओरेते इता.' हितो म्हणजे माणूस, मिचि म्हणजे रस्ता, ताओरेरु म्हणजे कोसळणं. पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा आपण शिकतो की 'ते इता' म्हणजे 'करत होता'. मग वर्गात उत्तर येतं, 'माणूस रस्त्यात कोसळत होता.' चूक! जपानी माणूस हे वाक्य म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, माणूस रस्त्यात कोसळलेला होता, पडलेला होता. मी गेलो तेव्हा तो आधीच खाली होता. कोसळताना पाहिला असेल तर साधं 'ताओरेता'. आता कल्पना करा, अपघाताची साक्ष चालली आहे आणि तुम्ही दुभाषी आहात. या माणसाने पडताना पाहिलं, की पडल्यानंतर पाहिलं? सगळी साक्ष एवढ्यावर उभी आहे, आणि तुम्ही 'कोसळत होता' म्हणून मोकळे झालात, तर न पाहिलेली गोष्ट त्याने पाहिली असं होतं.

मग हे ओळखायचं कसं? इथे आपल्याला इंग्रजीपेक्षा मराठीचा आधार जास्त आहे, आणि तो आपण वापरत नाही याचं मला नवल वाटतं. आपण 'तो खुर्चीवर बसत होता' आणि 'तो खुर्चीवर बसला होता' यात किती सहज फरक करतो! पहिल्यात बूड अजून टेकलेलं नाही. दुसऱ्यात माणूस आरामात बसलेला आहे. जपानीत 'सुवात्ते इता' म्हणजे फक्त दुसरं. पहिलं म्हणायचं तर वेगळी रचना करावी लागते, 'सुवारो तो शिते इता', बसायच्या बेतात होता. म्हणजे आपल्या '-त होता' आणि '-ला होता' या दोन खोल्यांचं सामान जपानीने एकाच खोलीत ठेवलंय. कुठलं सामान कुणाचं, ते क्रियापद सांगतं.

किन्दाइचि हारुहिको या भाषाशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये क्रियापदांची जी विभागणी मांडली, ती याच 'ते इरु'च्या कसोटीवर. काही क्रिया वेळ खातात : वाचणं, लिहिणं, चालणं. 'होन ओ योन्दे इता', पुस्तक वाचत होता. इथे सरळ '-त होता'. काही क्रिया क्षणात उरकतात : मरणं, थांबणं, उघडणं. त्यांना मधला वेळच नाही, मग चालू काय राहणार? चालू राहते ती नंतरची स्थिती. 'देंशा गा तोमात्ते इता', गाडी थांबलेली होती. 'मादो गा आइते इता', खिडकी उघडी होती. आणि 'शिंदे इता' म्हणजे मेलेला होता, मरत नव्हता. (शिंदे आडनावाच्या मंडळींनी क्षमा करावी, जपानी वर्गात हा प्रसंग टळत नाही.) आणखी दोन गट त्यांनी केले, पण आजच्या विषयाला हे दोन पुरेत.

'केक्कोन शिते इता' घ्या. 'लग्न करत होता' नव्हे, 'लग्न झालेलं होतं'. 'शित्ते इता' म्हणजे माहीत होतं, आणि नुसतं 'शित्ता' म्हणजे तेव्हा कळलं. नकार मात्र वेगळ्या वाटेने जातो : माहीत नव्हतं म्हणजे 'शिरानाकात्ता'. हे पाठच करा. यात तर्क शोधू नका.

जाणं-येणं ही क्रियापदं फार फसवतात. 'तोक्यो नि इत्ते इता' म्हणजे तोक्योला जात होतो? नाही, तोक्योला गेलो होतो. आपल्या 'गेलो होतो'सारखंच ते, परत आल्यावरही चालतं. त्यात गंमत अशी की 'म्हणणं' या क्रियापदाचं रूपही कानाला 'इत्ते इता'च लागतं, आणि तिथे अर्थ सरळ आपला : 'तानाका-सान गा सो इत्ते इता', तानाका तसं म्हणत होते. दुसऱ्याचं बोलणं पोचवताना जपानी लोक हेच रूप पसंत करतात. आपणही नाही का सांगत, 'काका म्हणत होते...'?

कपडे घालण्याचं तसंच. 'किमोनो ओ किते इता' ऐकलं की बहुतेक वेळा 'किमोनो घातला होता' हेच समजायचं. घालण्याचं काम चालू होतं हे ठासून सांगायचं तर 'किते इरु तोकोरो दात्ता'.

सवयीचा अर्थही याच रूपात बसतो. 'माइआसा आरुइते इता', रोज सकाळी चालायचा. म्हणजे मराठीची तिसरी खोलीसुद्धा!

नकाराकडे जरा थांबू, कारण परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे माणसं इथे अडकतात. 'मादा ताबेते इनाकात्ता.' मादा म्हणजे अजून. 'अजून जेवत नव्हतो' असं भाषांतर कराल तर मराठीही बिघडेल. अर्थ आहे, 'अजून जेवलो नव्हतो'. वरिष्ठांनी विचारलं, काल दुपारी तपासणी झाली होती का? उत्तर 'मादा शिते इमासेन देशिता', तोपर्यंत केली नव्हती. नुसतं 'शिमासेन देशिता' म्हटलंत तर ऐकणारा समजेल, केलीच नाही. एक उशीर आहे, दुसरी हयगय.

वाक्यात दोन घटना आल्या की फरक आणखी उघडा पडतो. 'उचि नि काएत्ता तोकि, चिचि वा नेते इता', घरी आलो तेव्हा वडील झोपले होते. शेवटी 'नेता' म्हटलं तर मी आल्यावर ते झोपायला गेले. रोजच्या बोलण्यात 'इ' गळतो आणि 'नेतेता' ऐकू येतं. एवढ्याशा 'ते'वर कान ठेवा.

आता एक गोष्ट, जी पुस्तकात सहसा नसते. हे सगळं झालं प्रमाण जपानीचं. पश्चिम जपानच्या बऱ्याच बोलींमध्ये, उदाहरणार्थ शिकोकु बेटावर उवाजिमा भागात, या दोन खोल्या आजही वेगळ्या आहेत. बर्फ पडत होता, तर 'युकि गा फुरियोत्ता'. बर्फ पडून साचलेला होता, तर 'युकि गा फुत्तोत्ता'. अगदी आपलं 'पडत होता' आणि 'पडला होता'. प्रमाण भाषेत दोन्हीला 'फुत्ते इता', मग खिडकीबाहेर पाहून ठरवा! तिकडे कामाला जाणाऱ्यांना हे सुरुवातीला अशुद्ध वाटतं. खरं तर मराठी माणसाला ते तोक्योच्या भाषेपेक्षा लवकर कळायला हवं.

पुढच्या वेळी 'आकेते आत्ता' घेऊ, म्हणजे कुणीतरी मुद्दाम उघडून ठेवलेली खिडकी. आता प्रश्न असतील तर विचारा.