जाकीट, बूट आणि सॅक : ओंगार, २००८ ते २०२५

२००८ च्या सुमारास डब्लिनच्या ओंगारमध्ये राहायला आलेल्या मराठी घरांत पावसाचं सामान बहुधा भारतातूनच आलेलं असायचं. तेवीस किलोंच्या बॅगेत मसाले आणि कुकर यांच्याबरोबर रेनकोट, घडीची छत्री आणि सह्याद्रीत ज्यांच्या भरवशावर कित्येक कातळ चढलो ते ॲक्शनचे ट्रेकिंग बूट. तेव्हाचं ओंगार नवंकोरं होतं. घोड्यांच्या जुन्या स्टड फार्मच्या जागेवर उभी राहिलेली ही वसाहत, शहरात न्यायला ३९ क्रमांकाची बस, आणि बाजारहाट म्हटलं की ब्लँचर्ड्सटाउन सेंटर.

डब्लिनचा वर्षाचा पाऊस साधारण साडेसातशे मिलिमीटर, म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. पुण्यात तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो, इथे वर्षभर झिमझिमत राहतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. पहिल्या हिवाळ्यातच छत्र्यांच्या काड्या मोडल्या. प्लास्टिकच्या रेनकोटात चढावर इतका घाम यायचा, की बाहेरच्या पावसाइतकंच आतून भिजायला व्हायचं. ॲक्शनचे बूट ओल्या बसाल्टवर आजही माझ्या लेखी उत्तम, पण डब्लिनजवळच्या विकलोच्या डोंगरांत पायाखाली खडकापेक्षा पीटची दलदल जास्त. तिथे कापडातून पाणी आत शिरायला पाच मिनिटं पुरतात. तिथला लगनाकिला डोंगर अवघा ९२५ मीटरचा, कळसूबाईच्या निम्म्याहून थोडाच उंच, पण ओल्या पायांनी त्यावर जाणं मला कळसूबाईपेक्षा जड गेलं. नवं सामान घ्यायला हवं होतं, आणि नेमकी तेव्हाच मंदी आली होती.

१ डिसेंबर २००८ या एकाच दिवशी आयर्लंडने व्हॅट २१ वरून २१.५ टक्के केला आणि ब्रिटनने तो १७.५ वरून १५ टक्क्यांवर आणला. त्यात पौंड घसरत घसरत महिनाअखेर जवळपास युरोच्या बरोबरीला आला. अख्खं डब्लिन सीमेपलीकडच्या न्यूरीला खरेदीला धावलं. कचेरीतले आयरिश सहकारी सोमवारी तिथल्या स्वस्ताईच्या गोष्टी सांगत. आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र उत्तर आयर्लंडमध्ये पाऊल टाकायला ब्रिटिश व्हिसा लागत होता, आजही लागतो. जाकिटावर वाचणारे पैसे व्हिसाच्या शुल्कात घालवण्यात अर्थ नव्हता.

आमची गरज भागवली ती आल्डी आणि लिडल या जर्मन दुकानांनी. आल्डी १९९९ मध्ये आयर्लंडमध्ये आलं, लिडल त्याच्या पुढच्या वर्षी. दूध-पाव घेताना लागणाऱ्या मधल्या रांगेत गुरुवारी काय येणार याचं पत्रक घरोघरी वाचलं जाई. थर्मल, हातमोजे, लोकरी मोजे, कानटोप्या आणि पंचवीस युरोंच्या आतबाहेर मिळणारी वॉटरप्रूफ जाकिटं. माल एकदा संपला की पुन्हा वर्षभर वाट पाहायची, म्हणून ज्याला आधी दिसेल त्याने इतरांना फोन करायचा असा रिवाजच पडला. २०१० च्या डिसेंबरात देश गोठला तेव्हा ओंगारमधली कितीतरी मराठी मुलं त्याच रांगेतले हातमोजे घालून बर्फात खेळली. थर्मल आणि मोजे यांसाठी मी आजही दुसरीकडे जात नाही. जाकिटांचं तसं नाही. उद्यानात फिरायला ती पुरेशी, पण डोंगरावर दोन तास पाऊस लागला की खांद्यावरच्या शिवणीतून पाणी उतरायचं. तेव्हा कळलं की कापडाइतकीच शिवणीवरची पट्टी महत्त्वाची. जाकीट उलटं करून आतल्या सगळ्या शिवणींवर ती चिकटवलेली आहे का, एवढं पाहिलं तरी अर्धी परीक्षा होते.

मग ऑनलाइनचं दशक आलं. ब्रिटिश संकेतस्थळांवर तेच जाकीट इथल्या दुकानापेक्षा कितीतरी स्वस्त दिसे, पण पाठवणावळ बघून हात मागे यायचा. २०१२ मध्ये पार्सल मोटेल या सेवेने वाट काढली. सामान उत्तर आयर्लंडमधल्या त्यांच्या पत्त्यावर मागवायचं, ते चार युरोंच्या आत आपल्या जवळच्या लॉकरमध्ये आणून ठेवत. जिथे आम्हाला व्हिसाशिवाय जाता येत नव्हतं, तिथे आमची पार्सलं खुशाल जाऊन येत होती. २०१६ च्या जूनमधल्या ब्रेक्झिटच्या कौलानंतर पौंड पुन्हा पडला आणि पुढची काही वर्षं या खरेदीला ऊत आला. स्वस्त मिळतंय म्हणून तिसरी सॅक आणि दुसरा तंबू घेतलेली घरं मला माहीत आहेत. गरज नसलेली वस्तू निम्म्या किमतीत आणली तरी उरलेली निम्मी किंमत खर्चच झालेली असते. त्या काळात हा हिशेब बहुतेकांनी मांडलाच नाही.

१ जानेवारी २०२१ ला ब्रेक्झिट व्यवहारात उतरलं आणि ते दार बंद झालं. दीडशे युरोंवरच्या मालाला सीमाशुल्क, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या लहानातल्या लहान पार्सलावरही व्हॅट. जाकीट ब्रिटनमधून आलं तरी शिवलेलं असतं बहुधा आशियात, त्यामुळे ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार करारातली सवलत त्याला लागू होत नाही. १६० युरोंचं जाकीट आणि दहा युरो पाठवणावळ धरा. त्यावर १२ टक्के शुल्क, मग सगळ्यावर २३ टक्के व्हॅट. आकडा २३४ युरोंच्या वर जातो, शिवाय टपालाचं हाताळणी शुल्क वेगळं. मार्च २०२५ मध्ये ॲमेझॉनने आयर्लंडसाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केलं, त्यामुळे ही कटकट बरीच कमी झाली. पण मधल्या चार वर्षांत आमच्यापैकी अनेकजण पुन्हा दुकानाची पायरी चढू लागले होते.

त्याचं मोठं कारण बॅलिमन. जून २०२०, नुकती टाळेबंदी सैल होत होती आणि आयकियाशेजारी डेकॅथलॉनचं आयर्लंडमधलं पहिलं दुकान उघडलं. पुण्यामुंबईहून नव्याने आलेल्या तरुणांना ते नाव घरचं होतं. डेकॅथलॉनच्या केचुआ ब्रँडची दहा लिटरची छोटी सॅक त्यांच्या पाठीवर आधीपासूनच होती. वस्तू हातात घेऊन, घालून पाहून, परवडेल त्या भावात मिळण्याची सोय या भागात पहिल्यांदा झाली.

बुटांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे : ते दुकानातच घ्यावेत. चपलेत वाढलेला आपला पाय पुढून रुंद असतो. युरोपीय साच्याच्या बुटात करंगळी दबते आणि हे पडद्यावरच्या मापावरून कळत नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच जाड मोजे घालून जावं आणि उतरत्या फळीवर चालून अंगठा पुढे आदळतो का ते पाहावं. डोंगरभटकंतीच्या सामानाच्या चांगल्या दुकानात हे सगळं शांतपणे करू देतात. किंमत जास्त पडते, पण चांगल्या बुटांची वर्षंही जास्त भरतात. दुकानात तासभर माप घेऊन घरी येऊन तोच जोड ऑनलाइन मागवणं मला पटत नाही. तो तास दुकानदाराने फुकट दिलेला असतो, आणि अशी दुकानं गेली तर पाय मोजून देणारं कुणी उरणार नाही.

कॅरीमॅट, डोक्याला लावायचा टॉर्च, पाण्याची बाटली, बुटांच्या नाड्या ऑनलाइन बिनधास्त घ्याव्यात. कायदाही तिथे ग्राहकाच्या बाजूने आहे. युरोपीय संघातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. दुकानात नुसतं मन बदललं म्हणून पैसे परत देण्याचं बंधन विक्रेत्यावर नाही. पावती घेतानाच परतीचा नियम विचारावा.

या सगळ्या वर्षांत पैसे खऱ्या अर्थाने वाचले ते मात्र नव्या खरेदीबाहेर. जाकीट पाणी पिऊ लागलं की लोक ते टाकून देतात. बहुतेक वेळा आतला पडदा शाबूत असतो, फक्त वरचा पाणी झटकणारा थर गेलेला असतो. साध्या पावडरीने न धुता निकवॅक्सच्या धुण्याच्या द्रावणाने धुवावं, मग त्यांचंच वॉटरप्रूफिंग लावावं, की जाकीट आणखी दोन-तीन हिवाळे काढतं. व्हिन्सेंट्स किंवा ऑक्सफॅमच्या धर्मादाय दुकानांत एकदाच वापरलेल्या वस्तू मिळतात, कारण हौसेने एक ट्रेक करून थांबणारे लोक इथेही पुष्कळ आहेत. आणि नवं घ्यायचंच झालं तर आयर्लंडमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर व्हॅट शून्य आहे, ही सवलत नव्याने आलेल्या पालकांना बहुधा कुणी सांगत नाही.

मुलांचे डोंगरातले बूट तर एका ऋतूत लहान होतात आणि जवळजवळ नवेच माळ्यावर जातात. ओंगार, हॅन्सफिल्ड, क्लोनी या पट्ट्यात आता मराठी घरं पुष्कळ आहेत आणि दर उन्हाळ्यात नवी येतात. यंदा गणपतीच्या कार्यक्रमाला येताना घरातले लहान झालेले बूट आणि जाकिटं धुऊन, माप लिहिलेली चिठ्ठी लावून सोबत आणा. ज्याच्या मुलाला बसतील तो घेऊन जाईल.