चंद्रपूरचा परकोट : गोंडांचा पाषाणलेख

आदिवासींना लोककथा असतात, इतिहास नसतो, असा एक समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. इतिहासाचे अध्यापन करीत असताना या समजाचे सबळ उत्तर आम्हांस चंद्रपूरच्या किल्ल्यात दिसते.

आज चंद्रपूर म्हटले की दुर्गापूर-लालपेठच्या कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्राची धुराडी डोळ्यांसमोर येतात. परंतु ‘काळ्या सोन्या’चे हे शहर मूलतः गोंड राजांची राजधानी होय. राजा खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरहून येऊन इरई व झरपट नद्यांच्या सान्निध्यात हे नगर वसविले, अशी परंपरा आहे. तटाचे काम पुढे अनेक राजांच्या कारकिर्दीत चालले.

हा गिरिदुर्ग नव्हे. संपूर्ण नगरास कवेत घेणारा भुईकोट आहे. घडीव दगडांच्या या तटाचा परीघ सुमारे 11 किलोमीटर भरतो. उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अंचलेश्वर आणि पश्चिमेस बिनबा या चार वेशी. त्यांखेरीज चोर, विठोबा, हनुमान, मसण व बगड या पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. ‘मसण’ या नावातच स्मशानाची वाट सूचित होते. वेशींवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प आहे. तेच गोंडांचे राजचिन्ह. अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराईने पती बीरशहाची भव्य समाधी उभारली. राज्यकारभार सांभाळणारी ही आदिवासी स्त्री आपल्या विद्यार्थिनींना ठाऊक असावयास हवी.

1751 मध्ये गोंडांची सत्ता संपून नागपूरकर भोसल्यांची आली. मे 1818 मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून किल्ला घेतला. राजवाड्याच्या जागी तुरुंग झाला आणि तेथेच 21 ऑक्टोबर 1858 रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. ज्या वास्तूत गोंडांनी राज्य केले, तेथेच गोंड वीराने परकीय सत्तेविरुद्ध प्राण दिले.

राजांची नावे वंशावळींत टिकली. दगड फोडणाऱ्या व वाहणाऱ्या हातांची नावे मात्र तेथे नाहीत. आज भूगर्भातून कोळसा काढणारे हातही असेच अनामिक राहतात. म्हणून विद्यार्थी मित्रहो, जटपुरा वेशीतून जाताना क्षणभर थांबा. हा तट कोणी बांधविला, एवढेच विचारू नका. तो कोणी बांधला, हेही विचारा. आमच्या मते, खऱ्या इतिहासाचा अभ्यास या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो.