बटाट्याच्या श्वासातून शोध लावणाऱ्या कमलाताई

प्रताप नगरातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "पोटभर भाकर खाल्ली तरी दिवस मावळेस्तोवर अंगातला जीव का जातो?" उत्तर शोधता शोधता आपल्याच एका मराठी बाईची गोष्ट हाती लागली. तीच आज सांगतो.

आपलं शरीर अब्जावधी पेशींचं बनलेलं आहे. पेशी डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक, पण तिच्यातही तंतुकणिका नावाचे त्याहून बारीक भाग असतात. आपल्या कोराडीला कोळसा जळतो आणि वीज तयार होते. तसंच तंतुकणिकेत आपण खाल्लेलं अन्न श्वासातल्या ऑक्सिजनच्या मदतीने हळूहळू 'जळतं' आणि ताकद तयार होते. श्रमदानात आपण रांगेत उभ्या राहून घमेलं हातोहात पुढे देतो ना? तंतुकणिकेतही अशीच रांग असते. त्या रांगेतल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचं नाव सायटोक्रोम-सी. त्यात लोह असतं.

हे सायटोक्रोम-सी वनस्पतींमध्येही असतं, हे दाखवून दिलं डॉ. कमला सोहोनी यांनी. माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांची बहीण. कमलाताईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. १९३३ मध्ये त्या मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बी.एस्सी. झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. बाईला प्रवेश नाही, असं उत्तर आलं.

कमलाताई घरी रडत बसल्या नाहीत. थेट बंगळूरला गेल्या आणि कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि त्यांच्यामुळे पुरुषांच्या कामात व्यत्यय यायला नको! हा अपमान त्यांना जन्मभर बोचला. पण वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे इतर मुलींनाही तिथलं दार उघडलं.

मग त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम केलं. पोत्यात पडलेला बटाटाही श्वास घेत असतो, म्हणून तर त्याला कोंब फुटतो. त्याच बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम-सी सापडलं. अवघ्या चौदा महिन्यांत आणि चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

परदेशात राहता आलं असतं, पण त्या परतल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं, पुढे तिथल्या संचालक झाल्या. गरिबाच्या ताटातल्या डाळी-कडधान्यांचा आणि ताडाच्या ताज्या नीरेचा त्यांनी अभ्यास केला. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं त्यांनी दाखवलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. उतारवयात ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नातल्या भेसळीबद्दल लोकांना जागं केलं. १९९८ मध्ये त्या गेल्या.

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. थकव्याची कारणं अनेक असतात, पण बायांमध्ये लोहाची कमतरता फार दिसते. लोह कमी झालं की रक्त ऑक्सिजन नीट पोचवत नाही. ताकद बनवणाऱ्या त्या रांगेलाही लोह लागतंच. म्हणून आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर मधेच सोडू नका. हिरव्या भाजीवर, डाळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको. आणि सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खायची सवय सोडा.

आणखी एक. बारावीनंतर मुलीला विज्ञान शिकायचं असेल आणि घरात "कशाला?" असा सूर निघाला, तर तो विषय बैठकीत आणा. प्रवेशाचा अर्ज आपण मिळून भरू, फीसाठी गटातून कर्ज देता येईल का ते पाहू. कमलाताईंना बंगळूरला एकटीनेच विचारावं लागलं. आपल्या पोरींच्या पाठीशी गट उभा राहू शकतो.