ढोलकीवर तळहात

‘ताई, दोन वस्तू सांगितल्या की हा एकच आणतो. ढ आहे पोरगा.’ वस्तीत हे आम्ही कितीदा ऐकतो! पोरगं ढ नसतं. ज्याला कमी ऐकू येतं त्याची सगळी ताकद शब्द पकडण्यातच जाते, लक्षात ठेवायला उरत नाही.

अशा लेकरासाठी गायन पार्टीची ढोलकी कामाला येते. आधी कानातल्या मशीनचा सेल तपासा. लेकराचा तळहात एका पुडीवर ठेवा, दुसरीवर दोन थापा द्या. थरथर हाताला कळते. मग त्याला तशाच वाजवू द्या. जमलं की तीन थापा, त्यातली एक जोरात. पुढे थापेसोबत शब्द: मीठ, साखर, चहापत्ती. पाच-दहा मिनिटं पुरे. कंटाळलं की थांबा, रागवू नका.

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांना 12व्या वर्षापर्यंत जवळपास ऐकू येईनासं झालं. त्या जगप्रसिद्ध तालवादक झाल्या. अनवाणी वाजवतात, थरथर पायांनी टिपतात.

ढोलकीनं बहिरेपण जात नाही, हे स्पष्टच सांगतो. स्पीच थेरपी सोडू नका. तपासणीच झाली नसेल तर अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना लेकरू दाखवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे.