सुराआधी आवाज

१९६४ साली अमेरिकेतल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मोग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइश यांनी मिळून मॉड्युलर सिंथेसायझरचा पहिला नमुना उभा केला. त्याआधी मोग थेरेमिनची किटं विकत असे. गिऱ्हाइकाने ती घरी नेऊन स्वतः जोडायची. म्हणजे या यंत्राचा उगमच घरच्या टेबलावरचा. पुढे १९६९मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडरने असाच एक मोग सिंथेसायझर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणून बसवला.

मॉड्युलरमध्ये वाद्याचा प्रत्येक अवयव वेगळा. ऑसिलेटर आवाज काढतो, फिल्टर त्याचा पोत बदलतो, व्हीसीए तो लहानमोठा करतो. कशाची वायर कशात खुपसायची, हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. प्रत्येक मॉड्यूल आटोपशीर असल्याने एकेक करून घरी बांधता येतं आणि बिघाड झाला तर तो कुठे आहे हे लवकर कळतं.

नवखे मात्र बहुधा अवघड टोकापासून सुरुवात करतात. त्यांना पहिल्याच झटक्यात सुरात वाजणारा ऑसिलेटर हवा असतो. इथला रूढ नियम असा, की व्होल्टेज एका व्होल्टने वाढलं की स्वर बरोबर एक सप्तक वर जावा. हे गणित ट्रान्झिस्टरच्या स्वभावावर बेतलेलं असतं आणि तो स्वभाव तापमानाबरोबर बदलतो. हवा बदलली की तंबोरा उतरतो, तसा हा ऑसिलेटरही उतरतो. त्यावर उपाय आहेत: जुळवलेली ट्रान्झिस्टरची जोडी, तापमान सांभाळणारा खास रेझिस्टर. पण पहिल्या आठवड्यात हे झेपत नाही. म्हणून आधी आवाज काढावा, सुराचं मग बघावं.

त्यासाठी ४०१०६ ही चौदा पायांची स्वस्त आयसी पुरेशी आहे. ब्रेडबोर्डवर १४ नंबरच्या पायाला नऊ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक आणि ७ला ऋण टोक, म्हणजेच ग्राउंड. पाय १ ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पाय २पासून परत १कडे १० किलोओहमचा रेझिस्टर आणि एका मेगाओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), एकापुढे एक. झालं सर्किट! कपॅसिटर भरत जातो, वरची पातळी गाठताच आयसी पलटी खाते. मग तो रिकामा होऊ लागतो, खालची पातळी आली की पुन्हा पलटी. पॉट एका टोकाला नेला की चिरका आवाज, दुसऱ्या टोकाला सुटे सुटे ठोके. पॉट काढून तिथे एलडीआर, म्हणजे उजेडानुसार बदलणारा रेझिस्टर, लावला आणि त्यावर हाताची सावली धरली, तर आवाज खाली घसरतो. अशी सहा सर्किटं या एकाच आयसीत मावतात. न वापरलेले इनपुट मोकळे सोडू नयेत, ग्राउंडला बांधावेत.

आउटपुट, म्हणजे पाय २, थेट हेडफोनला जोडू नये. वाटेत १०० किलोओहमचा रेझिस्टर घालून पलीकडच्या टोकापासून ग्राउंडला १० किलोओहमचा लावला, की नऊ व्होल्टचे एकाहून कमी होतात. तिथून एक मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ॲम्प्लिफायरच्या लाइन इनपुटला जावं, आवाज तळाशी ठेवून.

ब्रेडबोर्डवरचं सर्किट पॅनेलवर न्यायचं तर युरोरॅकचं माप धरावं. जर्मनीच्या डोएप्फर कंपनीने नव्वदच्या दशकात रुळवलेल्या या पद्धतीत पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, जॅक साडेतीन मिलिमीटरचे आणि पुरवठा अधिक-उणे १२ व्होल्टचा. इथे दोन चुकांमुळे आयसी हमखास जळते. ४०१०६ला फक्त अधिक १२ आणि ग्राउंड द्यावं. उणे १२ही जोडलं तर तिच्यावर २४ व्होल्ट पडतात आणि तिची मर्यादा १८च्या आसपास आहे. दुसरं, पॉवरच्या पट्टी-वायरची लाल कड उणे १२च्या बाजूला हवी. उलटी बसली तर आयसी गेली. पुरवठ्याच्या दोन्ही वाटांवर एकेक डायोड घातला, तर हा अपघात टळतो. चालू करण्याआधी मल्टिमीटरने पुरवठ्याच्या पिना आपसांत शॉर्ट नाहीत ना, हे तपासावं.

यानंतर मिक्सर, मग व्हीसीए बांधावा आणि सुरातला ऑसिलेटर त्यामागून घ्यावा. तोवर कान तयार झालेला असतो. स्वर उतरला तर पुरवठा हलला, जोड सैल झाला की ट्रान्झिस्टर तापला, याचा अंदाज मीटर हाती घेण्याआधीच येऊ लागतो.