संप्रेरकांची दुनिया : ८१० क्रमांकाचे अमिनो आम्ल

अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडात काय काम करते, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिले. ते सोडियम लघवीवाटे वाया जाऊ देत नाही. सोडियमबरोबर पाणीही शरीरात राहते आणि रक्तदाब टिकतो. मात्र अल्डोस्टेरॉनचा हा निरोप ऐकायला पेशीत मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर नावाचे प्रथिन लागते. संप्रेरक येऊन बसले की हे प्रथिन डीएनएवर जाऊन ठरावीक जनुके चालू करते. त्यात ९८४ अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफलेली असतात. त्यांतले एकच बदलले तर काय होते, हे आज पाहू.

येल विद्यापीठातील डेव्हिड गेलर, रिचर्ड लिफ्टन आणि त्यांचे सहकारी पंधरा वर्षांच्या एका मुलाचा अभ्यास करत होते. रक्तदाब अतिशय वाढलेला, पण रक्तात अल्डोस्टेरॉन कमी. म्हणजे निरोप देणारा जवळपास नाहीच, तरी निरोप पोचतो आहे. त्याचे कारण त्यांनी २००० साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. रिसेप्टरमध्ये ८१०व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन आले होते. जनुकातले एक अक्षर बदलल्याचा हा परिणाम.

आता जरा खोलात जाऊ, कारण खरी गंमत इथेच आहे. संप्रेरक रिसेप्टरमधल्या एका पोकळीत बसते. अल्डोस्टेरॉनच्या २१व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो आणि तो ७७०व्या जागेवरच्या अ‍ॅस्परजीनशी हायड्रोजन बंध जोडतो. या बंधामुळे प्रथिनाची घडी पक्की होते, शेवटचे सर्पिल डब्याच्या झाकणासारखे बसते आणि रिसेप्टर कामाला लागतो. प्रोजेस्टेरॉनकडे हा हायड्रॉक्सिल गट नाही. ते पोकळीत शिरते, चांगले घट्ट बसतेही, पण घडी पक्की करू शकत नाही. त्यामुळे निरोगी माणसात ते या रिसेप्टरला चालू न करता अडवून धरते.

सेरीन आकाराने लहान आणि पाण्याशी जुळवून घेणारे. ल्युसीन त्याहून मोठे आणि पाण्यापासून दूर राहणारे. ८१०व्या जागी आलेले हे ल्युसीन शेजारच्या सर्पिलातल्या ७७३व्या जागेवरच्या अ‍ॅलनीनला जाऊन टेकते. जी घडी पक्की करायला हायड्रॉक्सिल गट लागत होता, ती आता या दोघांच्या संपर्कानेच पक्की होते. मग प्रोजेस्टेरॉनही रिसेप्टर चालू करते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन शंभरपटीपर्यंत वाढू शकते. हा बदल असलेल्या स्त्रियांचा रक्तदाब त्या काळात धोकादायक पातळीला का गेला, हे त्यावरून कळते. मुलग्यांचे काय? त्याचे उत्तर २००३च्या संशोधनात मिळाले. मूत्रपिंडातले एक विकर कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन करते, कारण कॉर्टिसॉल हा रिसेप्टर चालू करू शकते आणि कॉर्टिसोन करू शकत नाही. बदललेला रिसेप्टर मात्र कॉर्टिसोनलाही प्रतिसाद देतो. (ज्येष्ठमध हेच विकर रोखते. रक्तदाब असलेल्यांनी ते रोज घेऊ नये.)

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्पायरोनोलॅक्टोनची गोष्ट. हे औषध याच रिसेप्टरला अडवण्यासाठी देतात. ल्युसीन असलेल्या रिसेप्टरला तेच औषध चालू करते. बसणे आणि काम करवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण शोधायचे तर प्रोस्टेटच्या कर्करोगाकडे वळावे लागेल. त्यात अँड्रोजन रिसेप्टरच्या ८७७व्या जागी थ्रिओनीनऐवजी अ‍ॅलनीन आले की फ्लुटामाइड हे रोखणारे औषध रिसेप्टरला उत्तेजन देऊ लागते.

अशा बदलांची नेमकी जागा कळली की नवे औषध शोधायला दिशा मिळते. फिनेरेनोन हे स्टिरॉइड नसलेले औषध पोकळीत वेगळ्या तऱ्हेने बसते आणि प्रयोगशाळेत त्याने ८१०व्या जागी ल्युसीन असलेल्या रिसेप्टरलाही रोखले आहे.

हा विकार अत्यंत दुर्मीळ आहे, गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची नेहमीची कारणे वेगळी असतात. तरीही घरात कोवळ्या वयात रक्तदाब असलेली माणसे असतील, तर ती माहिती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.